ताईने न वाखाणलेलं पाकीट

मंडळी, पुढच्या महिन्यात मी आणि माझी मोठी बहीण हिमालयात ट्रेकला चाललोय. मागच्या खेपेला उंचीवर गेल्यावर ताईची अन्नावरची वासनाच उडाली. काही खाईना. शेवटी चक्कर आली आणि आम्हाला अर्ध्या वाटेवरून खाली उतरावं लागलं.

म्हणून आज तिच्या नंदनवन वस्तीतल्या घरी फ्रीझ-ड्राय जेवणाची तीन पाकिटं फोडली. उकळतं पाणी ओतायचं, थोडा वेळ झाकून ठेवायचं आणि खायचं.

राजमा-भात चाखून ताई म्हणाली, "मस्त हाये वं, एकदम हॉटेलसारखा!" पुलावही तिला आवडला. कढीभाताबद्दल मात्र ती काहीच बोलली नाही. मागच्या ट्रेकच्या गोष्टी सांगत बसली.

"मग राजमा मागवू?" मी विचारलं.

"मागव न."

मी वाट्या उचलायला गेले. राजमा जेमतेम दोन चमचे कमी झाला होता. कढीभाताची वाटी रिकामी होती.

"ताई, हा तर तू संपवलास."

"हो का? मले समजलंच नाही वं."

मी कढीभात मागवला. भूक मेलेली असताना कौतुकाचं जेवण घशाखाली उतरत नाही, नकळत संपणारं उतरतं, असा माझा अंदाज आहे.

उंचीवर तुम्ही कोणतं पाकीट पूर्ण संपवलंत? आवडलेलं नको, संपलेलं सांगा.