हजेरीपटातल्या पाच नेफा

शाळेच्या ऑफिसात बसणाऱ्या माणसाला किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. ते आपल्या पायांनी येतात, टेबलावर कोपर टेकवतात आणि म्हणतात, "भाऊसाहेब, एक मिंट." मी सतरा वर्षं हायस्कुलात क्लार्क होतो. दाखले लिहिले, फॉर्म भरले, शिक्के मारले. पण मित्रमंडळी जमली की मला फर्माईश होते ती एकाच नावाची. नावाची म्हणजे अगदी नावाचीच!

मी मूळचा सांगलीचा. बहात्तर सालच्या जूनमध्ये कोरेगावच्या पुढं सात-आठ मैलांवरच्या एका गावात नोकरी लागली. पहिल्याच आठवड्यात हेडसरांनी पाचवीचा हजेरीपट करायला सांगितला. आधीच्या क्लार्कच्या यादीवरून मी मुलींची नावं उतरवत होतो. अलका, उषा, कमल... आणि एकदम 'नेफा शंकर साळुंखे'.

म्हटलं, काय हे अक्षर! शोभा असेल. 'शोभा' लिहून टाकलं. पुढच्या ओळीत पुन्हा नेफा. हिला मी रेखा केली. तिसरी नेफा आल्यावर मात्र पेन थांबलं. मोजल्या, तर पाच निघाल्या! एक माणूस एकच चूक लागोपाठ पाच वेळा कशी करील?

आमचे शिपाई नाना मिलिटरीतून रिटायर होऊन शाळेत लागले होते. ते शेजारी उभे राहून माझा उद्योग बघत होते.

"चूक न्हाई भाऊसाहेब. नावच हाय त्ये."

"कुणाचं?"

"पोरीचं की!"

"अहो, पण नेफा म्हणजे काय?"

"म्हंजे नेफा!" नाना म्हणाले आणि घंटा द्यायला निघून गेले.

* * *

आता क्लार्क माणसाला अर्थाशी काय करायचंय? पण माझं डोकं त्यात अडकलं ते अडकलंच. मराठीच्या बाईंना विचारलं. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि म्हणाल्या, "नभ आणि आभा. नभाभा. त्याचं झालं नेफा." मला पटलं. हेडसर म्हणाले, "छे, फारसी असणार." मला तेही पटलं! माझा स्वभावच तसा, समोरचा ठामपणे बोलला की मला पटतं.

शनिवारी सांगलीला घरी गेलो आणि बायकोला विचारलं. ती हसत सुटली. "अहो, नेफा म्हणजे पायजम्याचा! नाडी ओवतात तो!"

हे मात्र नको तेवढं पटलं. सोमवारी पाचवीचे सर रजेवर होते म्हणून हजेरी घ्यायला मी गेलो. 'नेफा साळुंखे' म्हणालो आणि माझा हात आपोआप स्वतःच्या कमरेकडे गेला. वर्गात नेफाच काय, कुणीच हसलं नाही. मीच वेडा ठरलो.

* * *

शेवटी नानांनीच एकदा निवांतपणे सांगितलं.

"तिकडं आसामच्या वर, चीनच्या अंगाला मुलूख हाय. सायबानं इंग्रजी चार अक्षरं जोडली आन् त्याला नाव दिलं, नेफा. आमच्या गावानं त्ये पोरीस्नी दिलं."

गावात घरटी एक माणूस फौजेत. बासष्ट साली बरेचजण तिकडंच होते. पहिली नेफा शंकर साळुंख्याची. ती बारा दिवसांची होती, तेव्हा तिकडं लढाई पेटायची होती. महिन्याभरानं पेटली आणि शंकर परत आला नाही. तार आली ती 'मिसिंग' अशी.

"डेड न्हाई म्हणले, भाऊसाहेब. मिसिंग म्हणले," नाना म्हणाले. "तवापास्नं त्याची बायकू आक्काताई कुकू लावती ती लावतीच."

त्या वर्षी गावात आणखी चौघांनी आपल्या मुलींचं नाव नेफा ठेवलं. कुणी ठरवून नव्हे. साळुंख्यांच्या घरात ते नाव एकटं पडू नये असं गावाला वाटलं असेल. मग मात्र मी हजेरी घेताना हात जागच्या जागी ठेवायला शिकलो.

गावानं त्यांची सोयही लावली होती. वरच्या आळीची नेफा, घाऱ्या डोळ्यांची नेफा, माळावरची नेफा आणि सगळ्यात धाकटी ती नेफी. साळुंख्यांच्या मुलीला विशेषण नव्हतं. ती नुसती नेफा.

* * *

पुढच्या वर्षी दिपोटी आले. म्हणजे शाळा तपासणारे साहेब. पंचक्रोशीत त्यांचा दरारा फार, म्हणून हेडसरांनी वर्गाला आठ दिवस पढवलं होतं, 'साहेबांनी विचारलं की ताडकन उभं राहायचं'.

साहेब सहावीच्या वर्गात शिरले. भिंतीवर भारताचा जुना नकाशा. त्यांनी छडी उचलली आणि विचारलं, "सांगा बघू, नेफा कुठे आहे?"

चार मुली ताडकन उभ्या राहिल्या. "हजर सर!"

साहेब गडबडले. "नाही नाही, बसा. मी विचारतोय, नेफा कुठे आहे?"

मॉनिटरला वाटलं, साहेबांना पाचवी नेफा हवीय. तो उठला आणि म्हणाला, "सर, ती इस्लामपूरला मामाकडं गेलीया. सोमवारी येईल!"

साहेबांनी शेऱ्यात लिहिलं, 'भूगोल कच्चा. उपस्थिती उत्तम.' हेडसर तो शेरा दोन दिवस उलटसुलट वाचत होते. स्तुती आहे की मेमो, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

* * *

मग भूगोलाचं नवं पुस्तक आलं आणि निराळाच घोळ झाला. त्या मुलखाचं नाव सरकारनं बदलून अरुणाचल केलं होतं. नव्या नकाशात नेफा कुठंच नाही! नेफी रडत घरी गेली, "पुस्तकातनं माजं नाव काढलं!"

दुसऱ्या दिवशी तिचे वडील अर्ज घेऊन हजर. 'माझ्या मुलीचे नाव बदलून अरुणा करावे.'

हेडसरांना कुठल्याही गोष्टीला कागद लागायचा. "आधार काय? कागद आणा."

"सरकारनं बदललंय की! आख्ख्या मुलकाचं बदलतंय, आन् माज्या एका पोरीचं न्हाई व्हय?"

"मुलखाचं दिल्लीत बदललं. मुलीचं माझ्याकडे बदलावं लागेल."

"मग तुमी दिल्लीपरास मोठं?"

हेडसरांनी विचार करून अर्जावर लिहिलं, 'नोंद घेतली.' नोंद कशाची घेतली हे मलाही कळलं नाही, त्यामुळे रजिस्टरात मी काहीच बदललं नाही. नेफी नेफीच राहिली. तिचे वडील मात्र शेवटपर्यंत तिला अरुणा म्हणायचे आणि ती ओ द्यायची नाही.

* * *

मुली नववीत गेल्या तेव्हा शिवणाच्या नव्या बाई आल्या. साताऱ्याहून बदलून आलेल्या, गावची काही माहिती नाही. पहिल्याच तासाला फळ्यावर पायजमा काढला आणि म्हणाल्या, "नेफा नीट दुमडून घ्यायचा. नाहीतर सगळ्यांसमोर फजिती!"

खिडकीबाहेर कवायतीला आलेली दहावीची मुलं होती. त्यांना कोलीतच मिळालं. चार नेफा हसल्या, वैतागल्या, एकीनं तर एका मुलाच्या पाठीत पट्टी घातली. साळुंख्यांची नेफा मात्र दप्तर उचलून घरी गेली. आठवडाभर शाळेत आली नाही.

आली ती थेट ऑफिसात. टेबलावर कोपर नाही, 'एक मिंट' नाही. अर्ज समोर ठेवला, 'माझे नाव नीता करावे.'

"भाऊसाहेब, फुडच्या वर्षी बोर्डाचा फॉर्म हाय. त्यावर एकदा गेलं की जलमभर त्येच ना?"

"हो. नंतर बदलायचं म्हणजे फार खटाटोप."

"मग त्याच्या आदी करा."

मी अर्ज ठेवून घेतला. खरं सांगतो, तिची बाजू मला पूर्ण पटली. चौदा वर्षांच्या मुलीनं हसू का सोसावं?

* * *

सत्त्याहत्तर साली फॉर्म आले. अर्जावर पालकाचा अंगठा हवा होता, म्हणून नेफाच्या आईला बोलावणं धाडलं. आक्काताई आली. ठसठशीत कुंकू, डोक्यावरून पदर. अर्ज वाचून दाखवला तशी ताठ उभी राहिली.

"आवं भाऊसाहेब, ह्ये नाव का म्या ठिवलंय? तिच्या बापानं पत्रातनं धाडलंय. आंगठा न्हाई द्यायची."

"आई, मला हसत्यात!" नेफा म्हणाली.

"हसू दे की. बापानं दिल्यालं एवढंच हाय तुज्यापाशी."

मुलीचंही पटलं, आईचंही पटलं. काय करावं ते सुचेना, म्हणून मी हेडसरांचं वाक्य बोललो. "कागद आहे का?"

आक्काताईनं कमरेची पिशवी सोडली आणि निळं पत्र काढलं. घड्यांवर जीर्ण झालेलं. इतकं जपलेलं की पोरीच्या हातातसुद्धा कधी दिलं नव्हतं.

"बारशादिवशी आलं ह्ये. बायका पाळण्याभवती. म्या आदीच लिवून इचारलं हुतं, नाव काय ठिवायचं? पोस्टमननं दारात उघाडलं, पैलाच शबुद वाचला, नेफा! बायकांनी लगीच पोरीच्या कानात कुर्रर्र केलं. फुडं गलक्यात काय ऐकू येतंय! मागनं लय जणांकडनं वाचून घेतलं. समदी म्हणली, व्हय आक्काताई, लिवलंय."

मी पत्र उलगडलं. उजव्या कोपऱ्यात, आपण सगळेच पत्राला ठिकाण आणि तारीख टाकतो तसं, 'नेफा' आणि खाली तारीख. मग मजकूर. थंडी फार आहे. मोजे मिळाले. आबांच्या खोकल्याला औषध आणा. आणि शेवटी, 'मुलगा झाला का मुलगी ते कळवणे. नाव तुम्हीच ठेवणे. मी आल्यावर त्याच नावाने हाक मारीन.'

मी दोनदा वाचलं. नाना दारात उभे होते, ते जमिनीकडं बघायला लागले. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. गावालाच ठाऊक होतं! मी पत्र नेफाच्या हातात दिलं.

तिनं सावकाश वाचलं. शेवटच्या ओळीपाशी फार वेळ थांबली.

"वाच की गं मोठ्यांदा," आई म्हणाली. "लिवलंय न्हवं? दाव भाऊसाहेबास्नी, कुठं हाय तुजं नाव."

नेफानं पत्र आईसमोर धरलं आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"ह्ये बघ आई. सगळ्यात वर. बाकीचं समदं मागनं लिवलंय, आदी माजं नाव."

मग तिनं माझ्यापुढचा अर्ज उचलला, चार घड्या घालून दप्तरात टाकला आणि म्हणाली, "भरा फॉर्म, भाऊसाहेब."