पाटावर तुम्ही बसा

गुडघा दुमडला आणि मी त्यांच्या सोफ्यावर बसले. एवढंच झालं.

करी रोडच्या टॉवरमधलं घर, मी कामाला जायचे त्या वहिनींचं. वहिनींच्या सुनेचं बाळ बघायला चार बायका आलेल्या. मी सुनेची मालिश उरकून बाहेर आले, तोल गेला, हाताला लागलं त्यावर टेकले.

वहिनी हसून म्हणाल्या, "मावशी, सोफ्यावर नाही हं. रिपोर्ट तर क्लिअर आहेत तुमचे. अमेरिका करून आल्यापासून नखरे वाढलेत."

बायका हसल्या. मीही हसले. मग वहिनींनी सोफ्याचं कव्हर काढून धुवायला माझ्याच हातात दिलं. आणि त्या बाईनं, म्हणजे मी, ते धुतलं. दोनदा. वर विचारलं, इस्त्री करून देऊ का? पासष्टीची बाई, अक्कल पाच वर्षांची.

काळाचौकीत माझ्या हाताचं नाव होतं. चाळीस वर्षं पाटावर बसून, पाय पसरून, लोकांची पोरं पायांवर घेऊन न्हाऊ घातली. म्हणून तर वहिनींनी लेकीच्या बाळंतपणाला मला अमेरिकेला नेलं. परत आल्यावर विमानातला चमचा मी चाळभर दाखवत फिरले, तेही सांगून टाकते.

तिथे कपडे वाळवायचं मशीन होतं. पण लंगोट उन्हाशिवाय वाळवायचे? मी शहाणी. घरामागे रान होतं, त्याच्या कडेला गवतात शिरून झुडपांवर लंगोट टाकायची. एकदा पोटरीला तिळाएवढी गोचीड चिकटली. गावाला गुरांच्या अंगावरच्या शेकडो उपटलेल्या. ही पण उपटली, चिरडली, कुणाला बोलले नाही. मग तिथे लाल गोल चकंदळ उठलं, ताप, गुडघा भोपळ्याएवढा. डॉक्टरीण म्हणाली, लाइम, गोचीड चावून होणारा आजार. तीन आठवडे गोळ्या. वहिनींच्या लेकीनं मराठीत सांगितलं, रिपोर्ट क्लिअर, झालात तुम्ही बऱ्या.

बरी. सकाळी उठायचं तर अंगात त्राण नाही. बोटं बधिर, धरलेलं कळत नाही. दूध गॅसवर ठेवून विसरते. लोक म्हणाले, वय झालं. मीही तेच म्हणाले. वहिनी नखरे म्हणायच्या, तेही खरं वाटायला लागलं. चार जिने चढणाऱ्या बाईचं वय एका उन्हाळ्यात कसं होतं, हे विचारायचं सुचलं नाही.

सोफ्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनींनी तिकडच्या डॉक्टरिणीची फाइल दिली. म्हणाल्या, घरी कुणाकडून वाचून घ्या, म्हणजे बऱ्या झालात ते पटेल. नातीला म्हटलं, वाच गो. शेवटच्या पानावर ती थांबली.

"आजी, इथे लिहिलंय, गोळ्या संपल्यावरही काही जणांना थकवा, सांधेदुखी, विसरणं महिनोन्‌महिने राहतं. विश्रांती द्या. परत दाखवा."

त्या ओळीखाली निळ्या पेनाची रेघ होती. मला इंग्रजी येत नाही. रेघ माझी नव्हती.

म्हणजे त्या घरात कुणाला तरी ठाऊक होतं. आणि मी आठ महिने स्वतःलाच खोटारडी म्हणत होते.

तिसऱ्या दिवशी गेले. पाट मांडलेला, पाणी विसणलेलं. वहिनींनी बाळ पुढे केलं. तेल लावलेलं, माशासारखं निसटतं. माझी बोटं त्या सकाळी लाकूड. चाळीस वर्षांत हातून एक पोर निसटलं नव्हतं. आणि वहिनींना नाही म्हणायच्या भीतीनं मी रोज त्या जिवाशी खेळत होते. माझा हा गुन्हा त्या रेघेहून लहान नाही.

"घेणार नाही," मी म्हटलं. "बोटांना कळत नाही."

"परत तेच? मग उद्यापासून दुसरी बाई बघते मी."

"बघा. आज पाटावर तुम्ही बसा. पाय पसरा. मला खुर्ची द्या, मी सांगते."

वहिनी जागच्या हलल्या नाहीत. खुर्ची सूनच घेऊन आली. मी बसले. मग वहिनी बसल्या. मी सांगत गेले, डोकं पावलांकडे, पाणी आधी स्वतःच्या पायावर. बाळ रडलं, पडलं नाही. उठताना वहिनींचा गुडघा कटकन वाजला. नखरे म्हणायचं जिभेवर आलेलं, गिळलं. फाइल काखेत मारली आणि निघाले.

दोन वर्षं झाली. दुखणं गेलेलं नाही. जाईल असं कुणी सांगतही नाही. बाळंतिणी अजून बघते. दारातच सांगते: मला खुर्ची लागेल, पोर घरच्या बाईच्या पायावर. दुखतं म्हटलं की दुखतं, रिपोर्ट मागायचा नाही. पटत नसेल तर तसं सांगा.

चपला मी अजून काढलेल्या नसतात.