आपला डबा इथं लागतो

“रुळाचे फोटो काढायलेत बघ. रुळात काय बघायचं हाय?”

“गाव सुटायलं असंल कुणाचं तरी,” दुसरी म्हणाली.

मिरखेलच्या फलाटावर झाडाखाली दोन बायका गाडीची वाट बघत बसल्या होत्या. डोळ्याला कॅमेरा लावला की लोक आपल्याला बहिरंही समजतात. मी बटण दाबलं. रूळ, विजेचे खांब, पलीकडे तुरीचं कापलेलं रान. बाबा थोडे पुढे उभे होते. त्यांनी ते ऐकलं की नाही, कळलं नाही.

त्या बाईचं बरोबर होतं. बाबांचं परभणी सुटणार होतं. दादाने पुण्याच्या फ्लॅटमध्ये त्यांच्यासाठी खोली रिकामी करून ठेवली होती आणि घर बघायला रविवारी एक गिऱ्हाईक येणार होतं. आई गेल्यापासून बाबा एकटे राहत होते. मीही पुण्यातच नोकरी करते, पण घरात कमी बोलणारी म्हणून सामान बांधायला आणि बाबांना घेऊन यायला मला पाठवलं होतं. “तू वाद घालणार नाहीस, रडणार नाहीस. तूच जा,” असं दादा म्हणाला होता. हे त्याने कौतुकाने म्हटलं होतं.

बाबांनीही वाद घातला नाही. “तुमची काळजी मिटते ना? मग झालं,” एवढंच म्हणाले. फक्त एक दिवस मागितला. पिंगळी, मिरखेल, पूर्णा, चुडावा, ही स्टेशनं आणि जमलं तर एखादी गाडी, असे फोटो त्यांना हवे होते. तिकडच्या खोलीत भिंतीवर लावायला. मी कारण विचारलं नाही. मला वाटलं, ते ठाऊकच आहे. आई चुडाव्याजवळच्या एका खेड्यात शिक्षिका होती. माझं सगळं बालपण तिने परभणीहून पॅसेंजरने अपडाऊन केलं. सकाळी मी इंग्रजी शाळेच्या रिक्षात बसायचे, ती स्टेशनच्या रिक्षात. शाळेत मराठी बोललं की बाईंचे डोळे मोठे व्हायचे आणि घरी इंग्रजी बोललं की आईचे. मग मी दोन्हीकडे गप्प राहायला शिकले.

त्या सकाळी निघण्याआधी मी गच्चीवरचे कपडे काढले होते. दोरीवर बायकांचे रुमाल वाळत होते. छोटे, कडेला फुलं असलेले. एकही आईचा म्हणून ओळखता येईना, पण तिचेच असणार. आई जाऊन दोन वर्षं झाली तरी बाबा तिचे रुमाल धूत असतील, या विचाराने मला कसंतरी झालं. दादा म्हणतो ते खरंच आहे असं वाटलं. एकटा माणूस असाच हळूहळू बिघडत जातो. मी ते घडी करून बॅगेत भरले, तर बाबांनी बॅग उघडून परत काढले आणि खिशात टाकले.

पूर्णेला मालगाडी मिळाली, पण बाबांनी हात नुसता हलवला. “ही नको.” पुढे गाडीतही ते खिडकीबाहेरच बघत होते. एकदा दादाचा फोन आला. बाबा “हो, हो, चालतंय” म्हणाले आणि फोन माझ्याकडे दिला. “मजेत आहेत ना?” दादाने विचारलं. मी “हं” म्हणाले.

चुडाव्याला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आभाळ धुरकट होतं, फोटोत सगळं राखाडी येत होतं. बाबा सरळ फलाटाच्या टोकाकडे चालत गेले आणि हापशाच्या थोडं अलीकडे थांबले.

“इथून काढ. आपला डबा इथं लागतो.”

मी कॅमेरा खाली घेतला. ‘लागायचा’ असं म्हणायला हवं होतं.

तेवढ्यात रिक्षा थांबल्याचा आवाज आला. खांद्याला पर्स, हातात डब्याच्या पिशव्या घेतलेल्या तीन बायका फलाटावर आल्या. आईसारख्याच दिसत होत्या. म्हणजे दिवसभर पोरांवर ओरडून आवाज बसलेल्या.

“अगं बाई, काका! हितं हाव का तुमी?” पुढची बाई लांबूनच म्हणाली. “आमाला वाटलं, आजारी पडले. सकाळी कुणी जागा धरली न्हाई, पार पूर्णेपर्यंत उभं राहून आलो.”

“काकांचे रुमाल न्हाईत तर आमचे लय हाल,” दुसरी म्हणाली. “आणि ही कोण? आज फोटोग्राफर घेऊन आलाव का?”

“लेक आहे,” बाबा म्हणाले. त्यांची मान खाली होती.

“मॅडमची का? अगं, नाक बघा की, मॅडमचंच हाय!”

मग त्यांच्याच बोलण्यातून सगळं समजलं. बाबा रोज सकाळी परभणीच्या फलाटावर लवकर जाऊन उभे राहत. गाडी आली की तिच्याबरोबर चालत चालत खिडकीतून एकेका सीटवर रुमाल टाकत. ज्या सीटवर रुमाल पडला ती धरली गेली, हा अपडाऊनवाल्यांचा कायदा. मग ते यांच्याबरोबर चुडाव्यापर्यंत यायचे, स्टेशनबाहेर चहा प्यायचे आणि मिळेल त्या गाडीने परत जायचे. आई गेल्यावर पहिल्याच महिन्यात, तिच्याबरोबर अपडाऊन करणाऱ्या या बायका भेटायला आल्या होत्या, तेव्हा त्यांनीच म्हटलं होतं, घरी बसून काय करताव, चला.

बाबांनी खिशातून रुमाल काढले आणि जिचा तिला दिला. ते धुतलेले होते.

“सांगितलं का नाही?” मी हळूच विचारलं.

“दादा रागावला असता. ह्या वयात गाडीमागं पळताव म्हणून.” ते थांबले. “आणि आता सांगून काय?”

गाव सोडण्याचं त्यांनी बायकांनाही सांगितलं नव्हतं. निरोप घ्यायचा तर गाड्यांचा घेता येतो, त्यात कुणी काही विचारत नाही. माझाच स्वभाव तो. कुणाकडून आला, ते मला फलाटाच्या त्या टोकाला उभं राहून दिसत होतं.

पॅसेंजर आली. डबा खरंच बाबांसमोर येऊन थांबला. मी फोटो काढला. त्यात बाबा आहेत, पण पाठमोरे. बायका चढल्या, खिडकीशी बसल्या. आम्ही मागच्या गाडीने जाणार होतो, बाबांना ही सुटताना फोटोत हवी होती. त्यातली पुढची बाई गजाला चेहरा लावून म्हणाली, “काका, उद्या येताव न्हवं? शनवारची सकाळची शाळा हाय, लवकर यावं लागतंय.”

बाबा हसले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. माझ्या हातातल्या कॅमेऱ्याकडे बघत राहिले. आमच्या घरातले सगळे निर्णय असेच होत आले आहेत. एकजण गप्प बसतो आणि बाकीचे त्याचा होकार धरून चालतात. दादाला फोन करावा लागेल, तो चिडेल, रविवारचा माणूस परत जाईल. मी सोमवारी निघून जाईन आणि बाबा संध्याकाळी त्याच घराचं कुलूप उघडतील. यातलं काहीच सुटलेलं नव्हतं. गाडीने भोंगा दिला. डबा हलला. बाई अजून उत्तराची वाट बघत होती.

मी दोन पावलं गाडीबरोबर चालले.

“येतील, मॅडम,” मी म्हणाले. आवाज फाटला, म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणाले, “उद्या येतील. बाबा कुठं जायले न्हाईत!”