यादीतला दुसरा विष्णू

गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनच शब्द आले होते, "कलेक्टर गेले." मी तेव्हा शाळेत शिकवत होतो. मधल्या सुट्टीत फोन उघडला तर त्याखाली चार-पाच उत्तरं येऊन पडलेली. "कुठं बदली झाली?" "निरोप समारंभ कधी ठेवायचा?" आणि हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले ते पिवळे चेहरे. मीही हसलो असेन, खोटं कशाला बोलू. मग पहिला मजकूर टाकणाऱ्यानंच पुन्हा लिहिलं, की ही चेष्टा नाही, विष्णू खरंच वारला, बाजारात, बसल्या जागी. त्यानंतर ते पिवळे चेहरे एकेक करून पुसले गेले आणि त्यांच्या जागी जोडलेले हात आले. अडतीस वर्षांचा होता. मला त्याचा चेहरा दिसेना. डोळ्यांपुढं येत राहिली ती त्याची पाठ, पुण्यातल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून वाचत बसलेली.

तो कसा गेला हे नंतर कळलं. तेलगावच्या पुढं रस्ता सोडून आत गेलं की आमचं गाव. मंगळवारी बाजार भरतो. त्या दिवशी विष्णू एका टपरीच्या आडोशाला टेबल टाकून बसायचा आणि लोकांचे अर्ज लिहायचा. निराधार पगाराचे, वारस नोंदीचे, पीकविम्याचे. गेला त्या मंगळवारी एका बाईचा अर्ज लिहिता लिहिता त्यानं पेन बाजूला ठेवलं आणि डोकं टेबलावर टेकवलं. शेजारच्या हॉटेलात बसलेल्यांपैकी एकजण म्हणाला, "साहेब मीटिंगमध्येच झोपले की." दुसऱ्यानं फोटो काढला. चहा संपेपर्यंत हा खेळ चालला. शेवटी त्या बाईनं त्याच्या खांद्याला हात लावून हलवलं, तर तो खुर्चीवरून खाली कलंडला. डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, एवढा वेळ तुम्ही काय करत होतात?

विष्णू आणि मी पहिलीपासून एका बाकावर. त्याचे वडील सोपानकाका मेंढरं राखायचे. दिवाळीनंतर त्यांचं बिऱ्हाड चाऱ्यामागं निघायचं, आणि विष्णू मागं आमच्या घरी राहायचा, कारण त्याला शाळा बुडवायची नव्हती. माझी आई त्याला माझ्याच ताटाशेजारी वाढायची आणि माझ्याकडं बघून म्हणायची, "बघ त्येच्याकडं." हे वाक्य मी दहा-बारा वर्षं ऐकलं. ते माझ्या पोटात कुठंतरी साचत गेलं असणार. पुढं पदवी झाल्यावर आम्ही दोघंही कलेक्टर व्हायचं म्हणून केंद्राच्या परीक्षेचा अभ्यास करायला पुण्याला गेलो. एक खोली, चार कॉट, एका खिडकीवर वर्तमानपत्र चिकटवलेलं. मी दोनदा पूर्व परीक्षेतच पडलो आणि गावाकडं येऊन शिक्षक झालो. विष्णू थांबला. तो मराठीतूनच पेपर लिहायचा. इंग्रजी पुस्तकातला एकेक परिच्छेद आधी स्वतःच्या भाषेत सांगून बघायचा, मोठ्यानं, जणू समोर सोपानकाका बसलेत. ज्या दिवशी तसं सांगता यायचं नाही त्या दिवशी जेवायचा नाही.

पाचव्या खेपेला तो मुलाखतीपर्यंत गेला. दिल्लीहून त्यानं मला फोन केला तेव्हा आवाज उतरलेला होता. "पयलाच प्रश्न मेंढरांवर आला," तो म्हणाला. "मेंढपाळ गाव सोडून का जातात? मी चाऱ्याचं सांगत बसलो. कुठला माळ, कुठलं पाणी, कुठं कोन हाकलून देतं, समदं. त्यास्नी धोरण ऐकायचं हुतं." मी त्याला म्हणालो, होईल रे. तो म्हणाला, "मी चांगलं बोललो पन ते त्यांच्या कामाचं न्हवतं."

निकाल लागला त्या दिवशी तो दिल्लीतच होता. मी शाळेत बसून फोनवर यादी चाळत होतो. खाली, बरंच खाली, त्याचं नाव दिसलं. नुसतं नाव आणि आडनाव, मधे वडिलांचं नाव नाही. आमच्या आडनावाची हाक मारली तर निम्मा तालुका ओ देईल, आणि विष्णू काय, दर दोन घरांमागं एक. पण तेव्हा हे सुचलं नाही. आधी आईचं ते वाक्य आठवलं. मग मी मोटारसायकल काढली आणि माळावर जाऊन सोपानकाकांना सांगितलं. ते हातातली काठी टेकून उभे होते तसेच खाली बसले. त्यांनी एवढंच विचारलं, "त्येला म्हाईत हाय का?"

पुढचं सगळं दोन तासांत झालं. गावातले पुढारी आबा, ज्यांच्या रानात सोपानकाका मेंढरं बसवायचे, त्यांनी स्वतः उघडी जीप पाठवली. हलगी आली, गुलाल आला. विष्णूच्या दहावीतल्या फोटोचा फलक तेलगावहून छापून आला. सोपानकाकांना फेटा बांधला आणि जीपमध्ये खुर्ची ठेवून तिच्यावर बसवलं. वेशीपासून मिरवणूक निघाली, आणि मारुतीपाशी पोचली तेव्हा माझ्या फोनवर विष्णूचं नाव दिसलं. मी एका घराच्या मागं गेलो.

"तो मी न्हाई," तो म्हणाला. "रोल नंबर येगळा हाय. दुसराच कुनीतरी हाय, नाशिककडचा. तिकडं काय चाललंय? हलगी कशाची वाजतीय?"

मी सांगितलं.

"थांबव," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता थांबव. बापूला खाली उतरव."

त्या क्षणी मला काय वाटलं ते आजवर मी कोणाला सांगितलेलं नाही. मला बरं वाटलं. सकाळपासून छातीवर ठेवलेलं काहीतरी कोणी उचलून नेल्यासारखं हलकं वाटलं. मी त्याला म्हणालो, आबा भाषणाला उभे राहतायत, आता मध्येच बोललो तर आबांची फजिती होईल, संध्याकाळी सांगतो सगळ्यांना. त्यानं फोन ठेवला. मी परत जाऊन मिरवणुकीत सामील झालो. कोणीतरी माझ्याही तोंडाला गुलाल फासला.

संध्याकाळीही मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी नाशिककडच्या त्या मुलाचा फोटो वर्तमानपत्रात आला आणि गावाला आपोआप कळलं. आबांना जिल्ह्यातून लोक फोन करून विचारू लागले, की तुम्ही कोणाचा सत्कार केला? गावाला आता खोटं बोललेला कोणीतरी हवा होता. चार दिवसांनी विष्णू आला तो सरळ आबांच्या बैठकीत गेला आणि उभ्या उभ्या म्हणाला, "चूक माझी हाय. मीच घाईत घरी कळवलं." मी तिथं दाराशी उभा होतो. त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. आबा म्हणाले, "बापाला फेटा बांधायची लईच हौस हुती व्हय रं?" बैठकीतले सगळे हसले. त्या वर्षी आबांनी सोपानकाकांना रानात मेंढरं बसवू दिली नाहीत.

तेव्हापासून तो कलेक्टर झाला. पोरं रस्त्यात त्याला सलाम ठोकायची. एकदा वेशीजवळ रस्त्यावर झाड पडलं तर त्याच्या घरी माणूस पाठवला, की साहेब, पंचनाम्याला या. चौसाळ्याकडची एक सोयरीक ठरत आली होती, ती मुलीच्या मामांनी मोडली आणि निरोप धाडला, "आमाला खऱ्या पगाराचा मानूस पायजे." त्यानं आणखी तीनदा परीक्षा दिली. पुण्याला न जाता, इथंच, मेंढरांमागं फिरत. मुलाखतीपर्यंत पुन्हा कधी पोचला नाही. वय संपलं त्या वर्षी त्यानं सगळी पुस्तकं एका पोत्यात घालून माझ्या शाळेत आणून दिली. "पोरांना दे," म्हणाला. मी त्याला विचारलं, "तू त्या दिवशी माझं नाव का सांगितलं नाहीस?" तो पोत्याचं तोंड बांधत होता. "सांगून काय झालं आसतं? तुला हितं नोकरी करायचीय." मग थोड्या वेळानं म्हणाला, "आन त्या दिवशी तू एकटा न्हवतास." मला वाटलं, तो साऱ्या गावाबद्दल बोलतोय.

दहाव्याच्या दिवशी मी सोपानकाकांपाशी बसलो. लोक पांगले होते. मी त्यांना सगळं सांगितलं, फोन, घरामागं जाऊन बोलणं, परत मिरवणुकीत जाणं. बरं वाटलेलंही सांगितलं. ते खाली बघत ऐकत होते.

"मलाबी फोन केलता," ते म्हणाले. "तुझ्यासंगं बोलून झाल्यावर."

मी विचारलं, "मग तुमी जीपमधून उतरला का न्हाई, काका?"

"आबाच्या वाड्यावर मी चाळीस वर्सं गेलो," ते म्हणाले. "दर खेपंला भुईवर बसलो. त्या दिशी आबानं सोता हाताला धरून खुर्चीवर बसवलं. पोरगं फोनवर म्हनत हुतं, बापू, उतर. मी म्हनलो, आजचा दिस बसू दे मला." ते थांबले. "बसू दिलं त्येनं."

आमच्यापैकी कोणीही रडलं नाही. रडण्याचा हक्क आम्हाला उरला होता असं मला वाटत नाही.

मागच्या आठवड्यात मृत्यूची नोंद करायला मी काकांना घेऊन पंचायतीत गेलो. ग्रामसेवकानं भराभर फॉर्म भरला आणि शाईचा डबा पुढं सरकवला. काकांनी हात मागं घेतला. "आदी वाचून दावा," ते म्हणाले. "आमचा विष्णू अंगठा घ्यायच्या आदी समदं वाचून दावायचा. कितीबी गर्दी आसू द्या." ग्रामसेवक वैतागला, त्यानं कागद माझ्याकडं दिला. मी मोठ्यानं वाचू लागलो. नाव, वय, मृत्यूचं ठिकाण, शिक्षण. व्यवसायापाशी आलो आणि अडखळलो. तिथं 'काही नाही' असं लिहिलं होतं. मागं दाराशी उभ्या असलेल्या कोणीतरी हसू दाबल्याचा आवाज आला. मी ते वाचलं.

"ते खोडा," काका म्हणाले.

"मग काय लिहू?" ग्रामसेवकानं विचारलं.

"लोकांचे अर्ज लिहीत हुता, आसं लिव्हा."

"असा व्यवसाय नसतो, बाबा. यादीत असलेलंच लिहावं लागतं."

काकांनी शाईच्या डब्याला हात लावला नाही. मग ग्रामसेवकानं 'काही नाही' वर रेघ ओढली आणि वर बारीक अक्षरात 'इतर' लिहिलं. काकांनी मला तेवढा एक शब्द पुन्हा वाचायला लावला. मी वाचला. त्यांनी मान हलवली आणि अंगठा शाईत बुडवला.