संदीपची पंधरा गॅलनची केटल

संदीपच्या गॅरेजमध्ये आम्ही तिघं बिअर बनवायला लागलो त्याला चार वर्षं झाली. बिअर मोजकीच झाली, किस्से मात्र बाटल्यांपेक्षा जास्त साठलेत. कुणाकडे जेवायला गेलं की कुणीतरी म्हणतंच, "तो केटलचा सांग ना." कुठला केटलचा? सगळे केटलचेच आहेत.

संदीप नागपूरचा, केदार डोंबिवलीचा, मी पुण्याची. तिघंही अमेरिकेत, नोव्हाय नावाच्या गावात, गाड्यांच्या कंपन्यांत. आणि केटल म्हणजे चहाची नव्हे. बिअर उकळायचं स्टीलचं उंच पातेलं, खाली नळ असलेलं.

*

आमची पहिली केटल आठ गॅलनची. साध्या बिअरला पुरायची. मग संदीपच्या डोक्यात स्ट्राँग बिअर शिरली. तिला धान्य दुप्पट लागतं, आणि धान्यातून उतरलेलं गोड पाणी बासुंदीसारखं आटवावं लागतं. केदारनं स्प्रेडशीट केली. सगळं मावतंय, अगदी काठापर्यंत.

उकळी आली तसा फेस वर आला आणि येतच राहिला. तपकिरी चिकट ओघळ बर्नरवरून थेट संदीपच्या गाडीखाली. स्प्रेडशीटमध्ये फेसाचा कॉलमच नव्हता.

"तुम्ही दोघांनी कधी दूध तापवलंय का?" मी विचारलं.

केदार म्हणाला, "मायक्रोवेव्हमध्ये."

*

मोठी केटल घ्यायला गेलो. दुकानदार म्हातारा, कानात मशीन, बोलणं सावकाश. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "बिअर किती वर्षं ठेवायचीय?" जितकी जास्त वर्षं ठेवायची तितकी ती स्ट्राँग हवी, आणि जितकी स्ट्राँग तितकी केटल मोठी, असा त्याचा हिशोब.

संदीप म्हणाला, "ग्रीन कार्ड येईपर्यंत."

"ते कधी येणार?"

संदीपनं त्याला शांतपणे सगळं समजावलं. ग्रीन कार्डासाठी आम्हा भारतीयांची लाइन किती लांब, ती कशी सरकते, कधीकधी उलटी कशी जाते. म्हाताऱ्यानं नीट ऐकून घेतलं. काउंटरवर काढलेली दहा गॅलनची केटल उचलून परत शेल्फवर ठेवली आणि आतून पंधरा गॅलनची ओढत आणली.

*

ती डिकीत मावेना. मागच्या सीटच्या दारातून जाईना. शेवटी पुढच्या सीटवर बसवली, तर गाडी पिंग-पिंग करायला लागली. केदारनं तिला सीटबेल्ट लावला आणि तो आणि मी मागे बसलो, गाडी संदीपकडे. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या बाईंनी आधी केटलकडे पाहिलं, मग मागे आमच्याकडे. संदीपनं काच खाली केली आणि अदबीनं म्हणाला, "ती मोठी आहे आमच्यात."

*

पुढच्या जानेवारीत केदारचा जॉब गेला. व्हिसावर असलं की नवा जॉब शोधायला साठ दिवस मिळतात, नाहीतर देश सोडायचा. फेब्रुवारीअखेर त्यातले एकेचाळीस संपले होते. त्या शनिवारी दुपारी आम्ही त्याला मुद्दाम बोलावलं. गॅरेजचं दार उघडं, बाहेर मोठ्या पाकळ्यांचा बर्फ, अगदी सावकाश उतरणारा. एवढ्या मोठ्या केटलला उकळी यायला दीड तास लागला. वाफ दारातून बाहेर जायची आणि बर्फात विरून जायची. ओल्या बिस्किटांसारखा वास सगळीकडे. मला वाटलं, हे असंच संध्याकाळपर्यंत चालू राहावं, कुणी आम्हाला काही विचारू नये.

फेस वर यायला लागला तेवढ्यात केदारचा फोन वाजला. त्यानं नाव पाहिलं, फोन खिशात ठेवला आणि ढवळत राहिला. फेस बसल्यावर मी विचारलं, "कोण होतं?"

"रिक्रूटर."

"अरे, मग उचलला का नाहीस?"

"उतू गेलं असतं ना," केदार म्हणाला.

रिक्रूटरनं सोमवारी परत फोन केला. जॉब लागला तेव्हा साठातले चार दिवस उरले होते.

*

एप्रिलमध्ये संदीपची आई नागपूरहून आली. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणतो. रोज सकाळी मावशी त्रिसरण-पंचशील म्हणायच्या आणि संदीपही शेजारी बसून म्हणायचा. पाचवं शील मद्य न पिण्याचं. चार शीलं तो खणखणीत म्हणायचा, पाचव्याला नेमका खोकला यायचा.

नागपूरकडे मोठ्या पातेल्याला गंज म्हणतात. गॅरेजमधली केटल पाहून मावशींनी विचारलं, "हे एवढं गंज काऊन आणलं रे?"

संदीप म्हणाला, "खिरीसाठी." झालं. बुद्धपौर्णिमेला मावशींनी केटलभर खीर केली. कार्यक्रमाला भाड्याच्या हॉलवर आलेली सगळी माणसं जेवली, तरी उरली. एक काकू म्हणाल्या, "मावशी, नळ असलेलं पातेलं पहिल्यांदाच पाहिलं. काय सोय आहे."

*

मे संपताना संदीपला राहवलं नाही. मावशी शेजाऱ्यांकडे गेल्यात असं पाहून आम्ही धान्य भिजवलं. उकळी धरत होती आणि मावशी दारात उभ्या.

संदीपनं खोकायचासुद्धा प्रयत्न केला नाही. "आई, ही बिअर आहे," म्हणाला.

मावशी जवळ आल्या. वाफेत तोंड धरून डोळे मिटून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "माझी माय फुटाण्याच्या भट्टीवर धान्य भाजायची लोकायचं. घरी आली का तिच्या लुगड्याले असाच वास राहे."

त्यांनी पदर खोचला आणि केदारच्या हातातला लांब दांडा घेतला. "तळाले लागून राहिलं तुमचं," म्हणाल्या. पुढचे दोन तास त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. बाहेर ऊन होतं, मेपलच्या सावल्या दारापर्यंत आल्या होत्या, आणि मावशी एका लयीत ढवळत होत्या. केटल इतकी उंच की त्यांना स्टुलावर उभं राहावं लागलं.

महिन्याभरानं बाटल्या भरल्या. मावशी परत निघायच्या तयारीत होत्या. त्यांनी ओळीनं लावलेल्या बाटल्या पाहिल्या आणि संदीपला म्हणाल्या, "एका बाटलीवर माझ्या मायचं नाव लिही."

"आई, ती पीत होती?"

"कधीच नाही. लिही."