पाच फुटांवरची खुर्ची

आमच्या नाटकमंडळींचा आवाज सांभाळणारे भाऊ माझी गाणी ऐकायची खोली लावायला आले. टेप धरून त्यांनी दोन स्पीकरांत आठ फूट ठेवले, खुर्चीही तेवढ्याच अंतरावर मांडली. मग स्वतः बसून ऐकलं आणि खुर्ची पाच फुटांवर ओढली.

"भाऊ, स्पीकर मांडीवरच घ्या आता," मी हसले.

"मला इथूनच ऐकू येतं, बाई. तुमचं माप आठच."

माझं हसू विरलं. तीस वर्षं विंगेतला स्पीकर त्यांच्या कानाशी असायचा आणि "अजून वाढवा" हा हट्ट दर प्रयोगाला माझाच असे.

"चुकलं माझं," मी पुटपुटले. त्यांना ते ऐकू गेलं नाही, आणि मोठ्यानं म्हणायला माझा आवाज फुटेना.