आज की शिक्षा

“मला नाही येत. चल, बघू कसं होतं ते.”

शाळेत शिकवणाऱ्या माणसाच्या तोंडून हे वाक्य तुम्ही कधी ऐकलं आहे? मी एकाच बाईंच्या तोंडून ऐकलं. त्या ते दिवसातून इतक्या वेळा म्हणायच्या की त्या शाळेत शिकवायला लागलो त्या पहिल्या आठवड्यात मला वाटलं, यांना खरंच काही येत नसावं. ते बरंचसं खरंही होतं. सुईत दोरा ओवताना त्या दोरा चाटून चाटून निम्मा संपवायच्या. त्यांनी लावलेलं बटण संध्याकाळपर्यंत टिकत नसे. सायकलच्या ट्यूबला त्यांनी चिकटवलेलं ठिगळ पाण्यात धरलं की बुडबुडे आधीपेक्षा जास्त यायचे. मुलं पोट धरून हसायची. त्या म्हणायच्या, “हसून राहिलेत सगळे. मग दाखवा ना करून.” आणि मुलं दाखवायची. त्यांना हवं होतं ते एवढंच.

मुलं त्यांना ताईजी म्हणत. मराठीतली ताई आणि हिंदीतला जी. हिंदीत ताईजी म्हणजे मोठी काकू, म्हणून गल्लीतल्या मुलांना त्या काकू वाटायच्या आणि मराठी घरांतल्या मुलांना बहीण. तुम्हाला स्वतःला काय वाटतं, असं मी एकदा विचारलं. “भिया, जो हाक मारेल त्याच्याकडे बघायचं. व्याकरण बाद में.” त्या सगळ्यांनाच भिया, म्हणजे इंदुरी बोलीतलं भैया, म्हणत. मला, चौकीदाराला, आणि एकदा भर प्रार्थनेच्या वेळी संस्थेच्या सचिवांनाही. सचिवांनी तेव्हा नुसता घसा खाकरला. पण मला वाटतं, ते त्यांच्या लक्षात राहिलं होतं.

आमची शाळा इंदूरच्या छत्रीबागेतल्या एका गल्लीत आहे. प्राथमिक. एका जुन्या मराठी संस्थेची. संस्था मराठी, माध्यम हिंदी आणि फीची पावती इंग्रजी. ज्यांच्या आजोबांनी ती काढली ते लोक केव्हाच राजेंद्र नगरात आणि त्याच्याही पुढे राहायला गेले. सभेपुरते गाडीतून येतात, इतिवृत्त शुद्ध मराठीत लिहितात, चहा पितात आणि गल्लीत गाडी वळवायला जागा नाही म्हणून कुरकुरत परत जातात. काहींची नातवंडं मात्र अजून याच शाळेत येतात, कारण घराण्याचं नाव कोनशिलेवर आहे.

ताईजींनी तिथे बुधवार सुरू केला होता. बुधवारी जेवणाच्या सुट्टीनंतर पुस्तकं बंद. गल्लीतलं कुणीतरी वर्गात यायचं आणि आपलं रोजचं काम मुलांच्या हातांनी करून घ्यायचं. शिंपीकाका आले, तेव्हा तिसरीच्या मुलांनी एकमेकांच्या बाह्या मोजल्या आणि एकाचा उजवा हात डाव्याहून लांब निघाला. तो पोरगा आठवडाभर तो हात मिरवत होता. शेववाले आले, तराजू घेऊन. पाव, आधा पाव आणि पाऊण यातला फरक मुलांना मी महिनाभर फळ्यावर शिकवत होतो. तो त्यांना एका दुपारी कळला, कारण चुकलं की शेव दुसऱ्याच्या पुडीत जात होती. घरोघरी पुड्या गेल्या. पालक खूश. सचिवही एक पुडी घेऊन गेले.

बुधवारी सकाळी ताईजी फाटकाजवळच्या काळ्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहायच्या, आज की शिक्षा. खाली त्या दिवसाचं काम. आज की शिक्षा : बटन लगाना. आज की शिक्षा : शेव तौलना.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी इथे थांबून सांगायला हवं. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीत शिक्षा म्हणजे काय, ते तुम्ही जाणता. पुण्याहून आमच्याकडे आलेले पाहुणे ‘शिक्षा विभाग’ अशी सरकारी पाटी बघून हसतात. आम्ही हसत नाही. इंदूरचा मराठी माणूस हे दोन्ही अर्थ आईच्या दुधाबरोबर शिकतो. कुठे कोणता घ्यायचा, हे इथल्या पाच वर्षांच्या पोराला कळतं.

एवढं लक्षात ठेवा. पुढे जे झालं ते चुकून झालं, असं तुम्हाला कुणी सांगेल.

आमचं शहर स्वच्छ आहे. हे मी नव्यानं सांगायला नको, भिंतीभिंतीवर लिहिलेलं आहे. कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते, पाहुण्यांना आम्ही सराफा बाजारातल्या रात्रीच्या खाण्याआधी रस्ते दाखवतो. कागद टाकणाऱ्याला अनोळखी माणूसही टोकतो, “भिया, अपना इंदौर है.” अभिमान खरा आहे, मलाही आहे. पण आम्ही रस्ता दाखवतो. तो झाडणारी बाई दाखवत नाही.

आमच्या गल्लीचा रस्ता झाडणारी बाई म्हणजे तिसरीतल्या पायलची आई. वर्गात एकदा ‘माझी आई काय काम करते’ यावर चित्र काढायचं होतं. कुणी शिलाई मशीनवर बसलेली आई काढली, कुणी मोबाईलवर बोलणारी. पायलनं पोळ्या लाटणारी आई काढली. शेजारची मुलगी म्हणाली, “पर तेरी मम्मी तो...” पायलनं तिचा खडू ओढून घेतला आणि मोडला. ताईजींनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शाळेत न शिरता सरळ रस्त्यावर पायलच्या आईपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

“बुधवार को आओगी? बच्चों को झाड़ू बाँधना सिखाना है.”

“मैं क्या सिखाऊँगी, ताईजी? आप ही सिखा दो.”

“मुझे नहीं आता.”

पायलच्या आईला ते खोटं वाटलं असावं. बुधवारी ती आली तेव्हा दारातच उभी राहिली. ताईजींनी स्वतःची हाताची खुर्ची ओढून तिला दिली. मग काड्यांची बुडं जमिनीवर आपटून सारखी करायची, सुतळीचे वेढे घट्ट ओढायचे, मधोमध बांबू ठोकायचा, असं काम सुरू झालं. वर्गभर काड्या. ताईजींचा खराटा पहिल्याच फटक्यात उलगडला आणि काड्या दाही दिशांना गेल्या. वर्ग खो खो हसला. पायलची आईही पदर तोंडात धरून हसली. तेव्हा मागच्या ओळीत मान खाली घालून बसलेली पायल उठली, ताईजींच्या हातातली सुतळी घेतली आणि म्हणाली, “ऐसे नहीं. मेरी मम्मी ऐसे करती हैं.”

त्या दुपारी शाळेत एवढंच घडलं. त्या मुलीनं सगळ्यांसमोर ‘मेरी मम्मी’ म्हटलं.

संध्याकाळपर्यंत शाळा सुटताना फाटकापाशी कुणीतरी काढलेला फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर फिरू लागला. झाडू धरलेली मुलं आणि मागे पाटी. आज की शिक्षा : झाड़ू बाँधना. खाली राजेंद्र नगरातल्या एका आजोबांनी मराठीत लिहिलं होतं, ‘आमच्या नातीला झाडूची शिक्षा? ही शाळा आहे की काय आहे?’

आता तुम्हीच बघा. या गृहस्थांनी ‘आज की’ हिंदीत वाचलं. ‘झाड़ू बाँधना’ हिंदीत वाचलं. मधला एकच शब्द मराठीत वाचला. हेच गृहस्थ शेवेच्या बुधवारी त्याच फाटकातून नातीला घ्यायला आले होते. तेव्हा पाटीवर तोच शब्द होता, आणि तेव्हा त्यांना त्याचा अर्थ बरोबर कळला होता. शेव हे शिक्षण आणि झाडू ही शिक्षा. कोणत्या कामाला कोणता अर्थ लावायचा, हे शब्दकोशात लिहिलेलं नसतं. ते घरात शिकवलेलं असतं, आणि फार जुन्या काळापासून.

सोमवारी चौकशी बसली. सचिव, ते आजोबा, ताईजी आणि वर्गशिक्षक म्हणून मी. चार मुलांना आत बोलावलं. चौघंही मराठी घरांतली नव्हती, म्हणून सचिवांनी हिंदीत विचारलं.

“ताईजी ने तुमको शिक्षा दी?”

“हाँ सर,” मुलं एका सुरात म्हणाली.

“झाड़ू की?”

“हाँ सर. हर बुधवार को देती हैं. बहुत मज़ा आता है.”

सचिवांनी इतिवृत्ताच्या वहीत मराठीत लिहिलं, ‘ताईंनी शिक्षा दिल्याचे मुलांनी मान्य केले.’ मी समोरून वाकून वाचलं. म्हणालो, साहेब, मुलांनी हिंदीत सांगितलं, तुम्ही मराठीत लिहिलंत, यात सगळा अर्थ उलटा झाला. ते म्हणाले, “तुम्ही नवीन आहात.” मी म्हटलं, मज़ा आता है हे तरी लिहा. ते म्हणाले, “ते असंबद्ध आहे.”

मुलं हसत हसत बाहेर गेली. आपण ताईजींचं कौतुक करून आलो, असं त्यांना वाटत होतं.

मग सचिव मऊ झाले. ते वाईट माणूस नाहीत, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. वाईट असते तर सोपं झालं असतं. ताईजींची पेन्शन जवळ आली होती आणि ती बुडू नये असं त्यांना मनापासून वाटत होतं. म्हणाले, “ताई, कशाला वाढवता? लिहून द्या, पोरं दंगा करून राहिली होती, म्हणून शिक्षा केली. चूक झाली. विषय संपला.”

“पण मी शिक्षा नाही केली. मी शिकवलं.”

“तीच तर अडचण आहे ना. शिक्षा केली म्हणालात तर पालक समजून घेतील. राग येतो माणसाला. शिकवलं म्हणालात तर उद्या परत शिकवाल.”

“परवा,” ताईजी म्हणाल्या. “उद्या मंगळवार आहे.”

आजोबांनी टेबलावर बोटं वाजवली. “हे बघा, आम्ही जातपात मानत नाही. पण प्रत्येक कामाची एक जागा असते.”

“हो ना, भिया,” ताईजी त्यांना म्हणाल्या, “म्हणूनच तर वर्गात बोलावलं.”

मग त्या सचिवांकडे वळल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता. “मी हे लिहिलं की झाडू हाती घेणं शिक्षा आहे, तर त्या पायलला काय सांगू? तुझी आई रोज सकाळी शिक्षा भोगून राहिली आहे? कोणत्या गुन्ह्याची, विचारेल ती. काय सांगू, तुम्हीच सांगा. मला नाही येत.”

सचिवांनी पेन पुढे सरकवलं. ताईजींनी ते टोपण लावून परत सरकवलं.

बुधवारी त्यांनी पाटी लिहिलीच, आणि गुरुवारपासून येऊ नका असं संस्थेनं त्यांना कळवलं. सूचनाफलकावर ‘घरगुती कारणास्तव’ असं लागलं. मी भेटायला गेलो तर म्हणाल्या, घरी काहीच कारण नाही, नवरा उलट वैतागलाय. त्यांच्या जाण्याचं कारण सभ्य भाषेत झाकून ठेवायला शाळेला चार शब्दही खर्चावे लागले नाहीत. आपल्याकडे शिकवण्याबद्दल माणूस जातो आणि कागदावर तो घरच्या कामासाठी गेलेला असतो. अशा कागदांनी आपल्या संस्था उभ्या आहेत. तुमच्या गावच्याही शाळेत जाऊन बघा, फलकाला टाचलेला सापडेल.

बुधवार मात्र बंद झाला नाही, हे आणखी संतापाचं. त्याचं नाव आता ‘ॲक्टिव्हिटी डे’ आहे. बाहेरची काही मंडळी तयार सामान घेऊन येतात. मुलं कापलेले तुकडे चिकटवतात, फोटो निघतो, तुकडे परत खोक्यात जातात. मागच्या महिन्यात स्वच्छतेचा कार्यक्रम होता. प्रत्येक मुलाच्या हातात नवा कोरा झाडू, मुठीला गुलाबी रिबीन. तेच आजोबा पाहुण्यांच्या स्वागताला उभे होते, हातमोजे घालून, हातात झाडू घेऊन. त्या सकाळी झाडू ही शिक्षा नव्हती. फोटो येणार होता.

पाहुण्यांची गाडी यायची म्हणून फाटकासमोरचा रस्ता पुन्हा झाडायला पायलच्या आईला बोलावलं होतं. ती बाहेर झाडत होती. मुलं आत मैदानात रांगेनं उभी होती. रांगेतल्या कुणाला तरी ती दिसली.

“नमस्ते, मैडम.”

मग सगळी तिसरी म्हणाली, “नमस्ते, मैडम.”

तिनं मागे वळून पाहिलं, कोणत्या मॅडम येत आहेत म्हणून. मागे रस्ता रिकामा होता.

ताईजींच्या जागी आलेल्या नव्या बाई रांगेवर धावल्या. “चुप. वो मैडम नहीं हैं.”

“हैं,” एक मुलगा समजावून सांगावं तसं म्हणाला. “इन्होंने सिखाया है हमको.”

पायलच्या आईनं खराटा फाटकाला टेकवला. पदर सारखा केला. कोपऱ्यावर गाडी वळत होती, आजोबांनी हातमोजे वर ओढले होते. ती फाटकाच्या पट्ट्यांतून मुलांकडे बघून म्हणाली, “नमस्ते बच्चो. बैठ जाओ.”

आणि पांढऱ्या गणवेशातली सगळी तिसरी, रिबिनीचे झाडू मांडीवर घेऊन, मैदानातल्या धुळीत खाली बसली.